सीपी असलेलं मूल अठराचं होतं तेव्हा

परवा फिजिओच्या क्लिनिकमध्ये एक ताई भेटल्या, त्यांची मुलगी चौदाची, सीपी आहे, वॉकर घेऊन चालते. मला म्हणाल्या, तुमचा मुलगा एकोणीसचा ना आता, मग अठरानंतर नेमकं काय बदलतं हो? त्यांचा नंबर लागेपर्यंत वीसेक मिनिटं मी बोलत बसले तरी निम्मंसुद्धा सांगून झालं नाही, म्हणून घरी आल्यावर हे लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही की वकील नाही, पण गेली पाच वर्षं याच चकरा मारतेय आणि मला जे कुणी वेळेवर सांगितलं नाही ते दुसऱ्या आईला वेळेवर कळावं एवढं मनापासून वाटतं.

आधी थोडक्यात सीपीबद्दल. सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी. बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते आणि मग स्नायू कधी ताणायचे, कधी सैल सोडायचे, तोल कसा राखायचा ही सगळी आज्ञा वेडीवाकडी पोचते. हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांना हे असतं. काहींचे स्नायू कडक, काहींचे हातपाय आपोआप वळवळतात, काहींचा तोल जातो, आणि बऱ्याच जणांत थोडंथोडं सगळंच असतं. बुद्धीचं म्हणाल तर साधारण निम्म्या मुलांना बौद्धिक अडचण असते, म्हणजे निम्म्यांना नसते, आणि हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय कारण बोलता न येणाऱ्या मुलाला काही कळत नाही असं लोक सर्रास धरून चालतात.

सुरुवातीला प्रत्येक डॉक्टर सांगतो की मेंदूतली इजा वाढत नाही. ते खरंच आहे. आपण ते घट्ट धरून ठेवतो आणि समजतो की चला, आता आहे तसंच राहणार. पण मेंदू तसाच राहिला तरी शरीर थोडीच तसं राहतं? बारा ते सोळाच्या दरम्यान हाडं भराभर लांब होतात, कडक स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत, मग गुडघे वाकायला लागतात, टाच उचलली जाते, पाठ एका बाजूला झुकते, वजन वाढतं आणि काल घरभर चालणारं पोरगं आज चार पावलांत दमतं. सीपीची मुलं चालताना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद खर्च करतात, आणि वजन उंची वाढली की हा खर्च परवडेनासा होतो. ज्यांना हे माहीत नसतं ते म्हणतात मुलगा आळशी झाला, व्यायाम सोडला, आईचं लक्ष नाही. मला म्हटलंय घरातल्यांनीच.

हालचालीच्या क्षमतेचे पाच टप्पे डॉक्टर मानतात, फाइलवर जीएमएफसीएस असं लिहिलेलं दिसेल. पहिला म्हणजे जवळपास सगळं चालतं-पळतं मूल, पाचवा म्हणजे मानसुद्धा सावरायला आधार लागणारं. २००७ साली या पद्धतीत बारा ते अठरा वयाचा वेगळा गट घातला आणि त्यात एक फार शहाणपणाची गोष्ट मांडली की या वयात मूल कसं हिंडतं फिरतं ते जागेवर आणि त्याच्या स्वतःच्या पसंतीवरही ठरतं. म्हणजे घरात वॉकर, कॉलेजात व्हीलचेअर, असं चालतं. आमच्याकडे व्हीलचेअर घ्यायची म्हटल्यावर आजी रडल्या होत्या, इतकी वर्षं चालवलं आणि आता बसवता का म्हणून. पण माझा मुलगा व्हीलचेअरवर बसून पहिल्यांदा मित्रांबरोबर गणपती बघायला गेला, साडेदहाला परत आला आणि दमलेला नव्हता. माझ्या मते दूरच्या अंतराला व्हीलचेअर घेणं ही हार अजिबात नाही, वाचलेली ताकद अभ्यासाला, बोलायला, हसायला लागते. फक्त खुर्ची मापाची घ्या. मांडीची लांबी, कमरेची रुंदी, पाठीची उंची मोजून. शिबिरात मिळालेली मोठ्या माणसाची खुर्ची बारीक मुलाला दिली तर तो एका बाजूला कलंडून बसतो आणि पाठीचा बाक वाढायला तेवढं पुरतं.

आता दुखण्याबद्दल, आणि हे मी सविस्तर सांगणार आहे.

मुलगा सोळाचा होता. एका हॉस्पिटलात दाखवायला गेलो होतो, नव्या डॉक्टरीणबाई होत्या, तरुण. नेहमीसारखं मी फाइल पुढे केली आणि सांगायला सुरुवात केली. त्यांनी फाइल घेतली, बाजूला ठेवली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. त्याला विचारलं, "रात्री झोप लागते का रे?" मी सवयीनं म्हणाले, हो मॅडम, झोपतो व्यवस्थित. त्यांनी माझ्याकडे बघून हसून मान हलवली आणि त्याच्याचकडे बघत राहिल्या. त्याला शब्द काढायला वेळ लागतो, आधी तोंड उघडतं, मान मागे जाते, मग आवाज. भिंतीवरच्या घड्याळात मी बघत होते, चाळीस सेकंद तरी गेले असतील, बाहेर लाइन होती. मग तो म्हणाला, "नाही. उजवा. दुखतो." किती दिवस? "दिवाळी." आणि तेव्हा चालू होता फेब्रुवारी. म्हणजे चार महिने तो रात्री जागा होता आणि मी शेजारच्या पलंगावर झोपून सगळ्यांना सांगत होते की व्यवस्थित झोपतो.

कमरेचा एक्स-रे काढला तर उजव्या खुब्याचा गोळा खोबणीतून अर्धा बाहेर आलेला. सीपी असलेल्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा असा सरकतो, जी मुलं चालत नाहीत त्यांच्यात जास्तच, आणि सुरुवातीला तो बहुतेकदा दुखत नाही, म्हणून तर लहानपणापासून ठराविक अंतरानं एक्स-रे काढत राहायचा असतो. चड्डी घालताना, लंगोट बदलताना पाय पूर्वीइतके फाकत नाहीत असं जाणवलं तर तिथेच सावध व्हायचं. आमचं ऑपरेशन झालं, आता तो बरा आहे. पण दुखणं हा सीपीचा फार मोठा भाग आहे, चारातल्या तिघांना कुठे ना कुठे दुखत असतं, आणि मोठं होताना ते वाढतं. बोलता येत नसेल तर चिडचिड, जेवण कमी होणं, अंग जास्त कडक होणं, रात्री हाका मारणं, हीच त्यांची तक्रार समजा. आणि त्याला विचारा. उत्तराला वेळ लागला तर लागू दे.

बोलण्यासाठी साधनंही आहेत. चित्रांचा बोर्ड घरी करता येतो, मुंबईच्या आयआयटीनं बनवलेलं जेलो नावाचं ॲप आहे, मराठीतही चालतं, चित्रावर बोट लावलं की आवाज येतो. हात चालत नसेल तर डोळ्यांनी हो-नाही ठरवून घ्या, वर बघितलं की हो. काहीही चालेल, पण अठराच्या आत त्याच्याकडे "नको" म्हणायचा एक पक्का मार्ग हवाच हवा. हे मी मुलींच्या आयांना तर हात जोडून सांगते. अंघोळ घालणारा, कपडे बदलणारा माणूस बदलत राहतो, अशा वेळी कुठला स्पर्श नको हे सांगता येणं हेच तिचं संरक्षण. वयात येण्याबद्दल, पाळीबद्दल, मुलग्यांना होणाऱ्या बदलांबद्दल घरात मोकळं बोला, सीपी आहे म्हणून त्यांना भावना नसतात असं काही नसतं. त्यांनाही प्रेम वाटतं, लग्न करावंसं वाटतं, आणि सीपी असलेली माणसं लग्न करतातही.

औषधांचंही एक सांगायचंय. फिट येत असतील आणि मुलीला व्हाल्प्रोएट चालू असेल तर वयात आल्यावर न्यूरोच्या डॉक्टरांशी नक्की बोला, कारण पुढे गरोदरपणात ते गर्भाला घातक ठरू शकतं, पण स्वतःच्या मनानं बंद मात्र करू नका, फिट एकदम वाढू शकतात. आणि कधीही हातातली ताकद अचानक कमी झाली, नव्यानं मुंग्या यायला लागल्या, लघवीवरचा ताबा गेला तर सीपीचंच असेल म्हणून घरी बसू नका. ज्यांची मान सतत वळवळते त्यांच्या मानेच्या मणक्यात पुढे दाब येऊ शकतो, तो वेळेत पकडला तर इलाज असतो. सीपी स्वतःहून बिघडत नाही, म्हणून अचानक बिघडलं तर कारण शोधायचंच.

आता हॉस्पिटल बदलण्याचं. आपण जन्मापासून बालरोगवाल्यांकडे जातो. २०१३ पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, अंगणवाडीत शाळेत तपासणी, जिल्ह्याला डीईआयसी सेंटर, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार सुरू करणारं केंद्र, तिथे थेरपी मिळते, आणि हे सगळं अठरा वर्षांपर्यंत. शाळेतला खास शिक्षक बारावीपर्यंत. म्हणजे एकाच वर्षात डॉक्टर, थेरपी आणि शाळा तिन्ही सुटतात. मोठ्यांच्या ओपीडीत गेलं की एक जण म्हणतो हे लहान मुलांचं आहे, आम्ही बघत नाही, दुसरा म्हणतो ऑर्थोला जा, ऑर्थो म्हणतो न्यूरोला जा. सगळ्याची मोट बांधणारं कुणीच नसतं. म्हणून सोळाव्या वर्षीच आत्ताच्या डॉक्टरांना विचारा की पुढे आम्ही कुणाकडे जायचं, आणि त्यांचा हात सुटायच्या आत नव्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. एक फिजिशियन धरा जो बीपी, वजन, हाडं, बद्धकोष्ठ, मन, सगळं बघेल. मनाचं विसरू नका, सीपी असलेल्या मोठ्या माणसांत उदासी आणि चिंता बाकीच्यांपेक्षा जास्त आढळते. शाळा संपली की मित्र जातात आणि पोरगं भिंतीकडे बघत बसतं, ते सगळं सीपीच्या खात्यावर टाकू नका.

आम्ही एक पान केलंय, फाइलच्या सगळ्यात वर असतं. त्यावर निदान, ऑपरेशनं वर्षासकट, औषधं आणि डोस, कशाची ॲलर्जी, गिळताना काय त्रास होतो, जेवण कसं भरवायचं, उचलताना कुठे धरायचं, दुखतं तेव्हा तो काय करतो. हे मी लिहिलं. खाली दोन ओळी त्यानं सांगितल्या आणि त्याच्या बहिणीनं जशाच्या तशा उतरवल्या. "मला ऐकू येतं, मोठ्यानं बोलू नका. मी बोलतो तेव्हा आईकडे बघू नका."

आता कायदा, इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. अठरा पूर्ण झाले की कायद्यानं आपण त्याचे पालक राहत नाही. तो सज्ञान. बँक म्हणते त्याची सही आणा, मोठ्या ऑपरेशनच्या आधी त्याची संमती लागते, जमीन-घर नावावर असेल तर त्याचीच सही. मग कुणीतरी सांगतं गार्डियनशिप काढा आणि सगळे धावतात. जरा थांबा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात स्पष्ट आहे की दिव्यांग माणसाला बाकीच्यांसारखाच मालमत्ता ठेवण्याचा, पैशाचा व्यवहार करण्याचा हक्क आहे. ज्याला समजतं पण सही जमत नाही, बोलणं स्पष्ट नाही, त्याला पालक नेमायची गरजच नाही. अंगठा चालतो. माझ्या मुलाचं खातं अंगठ्यावर आहे. बँकेत आधी काउंटरवरच्या माणसानं गार्डियनचं सर्टिफिकेट मागितलं, मग मॅनेजरनं त्यालाच विचारलं, तुला खातं कशाला हवंय, तो म्हणाला, "मोबाइल घ्यायचाय." झालं काम.

पण ज्या मुलाला पैशाचा, उपचाराचा निर्णय खरंच समजत नाही त्याच्यासाठी कायदेशीर पालकत्व लागतं, आणि ते काढून ठेवा, टाळू नका. नॅशनल ट्रस्ट ही केंद्र सरकारची संस्था, तिचा १९९९ चा कायदा ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, कलेक्टर अध्यक्ष, सोबत एका संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणी असलेली संस्था अर्ज करू शकते, कोर्टात जायची गरज नाही, वकिलाचा खर्च नाही. समिती बघते की खरंच पालक लागतो का, आणि कशापुरता. त्यांचं सर्टिफिकेट बँकेत चालतं. पालक झाल्यावर जबाबदारीही येते, सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपलं की तीन महिन्यांत हिशोब. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाचीही सोय आहे, म्हणजे ठराविक निर्णयासाठी, ठराविक काळासाठी, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. मला ही पद्धत जास्त पटते, कारण त्यात मुलाला उठवून बाजूला बसवत नाहीत.

कागदांमध्ये सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. लहानपणीच्या सर्टिफिकेटवर बरेचदा मुदत असते, ती तारीख आजच बघा, संपली असेल तर सिव्हिलला फेरतपासणी करून घ्या, कारण पुढचं सगळं त्या एका कार्डावर अडतं. किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट बहुतेक सवलतींना असते. निरामय नावाचा नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, काढताना मेडिकल तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपीचे पैसेही त्यात मिळतात, जे साध्या मेडिक्लेममध्ये सहसा मिळत नाहीत. दरवर्षी रिन्यू करायला विसरू नका. दरमहा मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला होतो. आणि घरात कुणी जुन्या पेन्शनमधला सरकारी नोकर असेल तर हे नीट वाचा: जो दिव्यांग मुलगा किंवा मुलगी स्वतः कमवू शकत नाही त्यांना पंचविशीनंतरही फॅमिली पेन्शन मिळू शकते, आयुष्यभर. पण त्यांचं नाव आणि वैद्यकीय सर्टिफिकेट आपण जिवंत असतानाच ऑफिसात नोंदवून ठेवा. मागाहून भावंडांना ते सिद्ध करत बसावं लागतं आणि वर्षं जातात. मृत्युपत्राचंही तसंच, आपल्यामागे कोण बघणार हे तोंडी ठरलंय म्हणून गप्प बसू नका, कागदावर आणा, आणि ज्याचं नाव घालताय त्याला आधी विचारा. भावंडांना गृहीत धरू नये असं मला फार वाटतं. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिनं स्वतःहून म्हटलंय मी बघेन, तरी मी तिला सांगितलंय की पंचविशीत परत विचारेन.

शिक्षणाचं पटकन सांगते. परीक्षेला लेखनिक मिळतो, तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, अर्ज आधी करावा लागतो. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट आहे, सरकारी नोकरीत चार टक्के, त्यातला एक टक्का ज्या गटाला आहे त्यात सीपी येतं. रेग्युलर कॉलेज झेपत नसेल तर मुक्त विद्यापीठ आहे. कॉलेज निवडताना मार्कांच्या आधी वर्ग तळमजल्यावर आहे का आणि मुतारीत व्हीलचेअर जाते का हे बघा, आम्ही चांगल्या नावाचं एक कॉलेज निव्वळ या कारणानं सोडलं, कारण पोरगं दिवसभर पाणी न पिता बसलं असतं. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली सीपीच्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटीची शाळा सुरू केली, आता ती संस्था अडॅप्ट नावानं ओळखली जाते. त्यांची मुलगी मालिनी चिब यांना सीपी आहे, परदेशात जाऊन दोन मास्टर्स डिग्र्या केल्या, एका बोटानं टाइप करून. सगळ्यांना ते जमेल असं नाही म्हणत मी. पण कामाचा विषय निघाला की सगळ्यांनाच पणत्या रंगवायला आणि पाकिटं चिकटवायला बसवतात ते मला पटत नाही. ज्याला आवडतं त्यानं जरूर करावं. माझ्या मुलाचे हात थरथरतात, रंगकाम त्याला शिक्षा वाटते, त्याला क्रिकेटचे स्कोअर तोंडपाठ आहेत, आता तो कॉम्प्युटरवर डेटा एंट्री शिकतोय, मोठा ट्रॅकबॉल माउस लावून, हळू होतं पण चुका होत नाहीत.

आणि आयांनो, तुमची कंबर. पंधरा किलोचं मूल उचलण्याची सवय असते आणि ते कधी पंचेचाळीस किलोचं होतं कळत नाही. फिजिओकडून उचलायची पद्धत शिकून घ्या, पलंगाची उंची खुर्चीएवढी करून घ्या म्हणजे उचलायच्या ऐवजी सरकवता येतं, बाथरूममध्ये भिंतीला दांडे लावा. दिवसाचे दोन तास दुसऱ्या कुणाच्या हातून त्याचं जेवण, अंघोळ होऊ दे, आत्तापासून, म्हणजे आपण आजारी पडलो तर त्याच्यावर एकदम आभाळ कोसळत नाही.

गेल्या विधानसभेला, २० नोव्हेंबर २०२४ ला, त्याचं पहिलं मतदान होतं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर घरून मत देता येतं, आधी फॉर्म भरून. मी म्हटलं ते करूया, गर्दी नको. तो म्हणाला, "शाळेत. जायचं." त्याची जुनी शाळाच बूथ होती. रॅम्प होता, लाइनीतल्या लोकांनी पुढे जाऊ दिलं. शाई लावायला त्याचं डावं बोट हवं होतं आणि त्याची डावी मूठ घट्ट मिटलेली असते, ताण आला की आणखी घट्ट. मी पुढे होऊन मूठ उघडायला लागले तर टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "ताई, थांबा, त्याला करू दे." मग त्याला म्हणाल्या, "सावकाश रे दादा, घाई नाहीये." आम्ही सगळे थांबलो. अंगठा आधी सुटला, मग पहिलं बोट. बाईंनी उभी रेघ ओढली, ती नखावरून थोडी तिरकी गेली.